आधी बोट दाखवा

डॉ. सुनंदा रासकर यांची आणि माझी पहिली ओळख भांडणानंच व्हायची, थोडक्यात चुकली. बारामतीत स्टँडमागच्या गल्लीत माझं औषधाचं दुकान आहे. वरच्या मजल्यावरच्या खोल्या बरीच वर्षं बंद होत्या. तिथं दाताच्या डॉक्टरीणबाई येणार असं कळलं तेव्हा मी मनातल्या मनात पेढे वाटले. वर दवाखाना आणि खाली मेडिकल, यापरतं माणसानं देवाजवळ काय मागावं? दात म्हटले की सूज आली, ठणका आला, गोळ्या आल्या. बाईंची ती मोठी खुर्ची जिन्यातून वर नेताना अडकली, तर मी दुकान सोडून खांदा लावला होता.

मग जिन्यावरून पेशंट उतरायला लागले. गाल धरून उतरायचे, माझ्या फळीसमोरून जायचे आणि सरळ स्टँडकडं चालू पडायचे. हातात चिठ्ठी नाही. एखाद्याच्या हातात असलीच, तर तिच्यावर दुखण्याची साधी गोळी, आणि तीसुद्धा 'लागली तरच' असं स्वच्छ अक्षरात लिहिलेली. अक्षर स्वच्छ, हाही मला घोटाळाच वाटला. म्हटलं, इथं कुठंतरी पाणी मुरतंय. एकतर बाई वरच्या वर औषधं देत असणार, नाहीतर दुसऱ्या कुठल्या दुकानाशी त्यांचं जमलेलं असणार. मी एकदा वर जाऊन विचारायचं ठरवलं आणि जिन्यापर्यंत गेलोही. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं म्हणून ते भांडण राहिलं.

गौरवसमितीची माणसं परवा दुकानात आली. म्हणाली, "मोहनराव, बाईंच्या साठीनिमित्त ग्रंथ काढतोय. तुम्ही त्यांच्या इतके जवळचे, चार शब्द लिहा." जवळचा म्हणजे जिन्याखालचा, एवढंच. पण मी कबूल झालो. बाकीचे सगळे गोडच लिहिणार, हे मला ठाऊक आहे. ज्यानं वर्षानुवर्षं बाईंवर नजर ठेवलीय त्याचाही एखादा लेख असावा. माझा स्वभाव संशयी आहे हे गल्लीला माहीत आहे. बाटलीवरची मुदत वाचल्याशिवाय मी घरी डोक्याला खोबरेल तेलसुद्धा लावत नाही.

बाईंचं मुख्य काम हिरड्यांचं. दात काढणं, भरणं, कवळी बसवणं हे त्या करतात, पण जीव हिरड्यांत. दाताच्या मुळाशी, हिरडीच्या आत कीटण साचतं. ते आत साचलं की हिरडी दातापासून सुटते, मध्ये खिसा तयार होतो, खिशात घाण जाते आणि खालचं हाड हळूहळू झिजतं. दुखत काहीच नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. एक दिवस दात हलायला लागतो. बाई हिरडी बधिर करून आतलं कीटण खरवडून काढतात, मूळ गुळगुळीत करतात, म्हणजे हिरडी परत दाताला धरते. एका वेळी तोंडाची एकच बाजू करतात, कारण माणसाला दुसऱ्या बाजूनं जेवता आलं पाहिजे. हे सगळं मला आता सांगता येतं. त्या वेळी मला एवढंच दिसायचं, की बाई ज्याला त्याला 'आतून सफाई करावी लागेल' म्हणतात.

आणि आपल्याकडं तर शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल, की दात साफ केले की ढिले होतात. माझ्या वडिलांनी सांगितलं होतं, त्यांना त्यांच्या चुलत्यांनी. म्हणून मी बाईंची परीक्षा घ्यायचं ठरवलं. कन्हेरीचा माझा मेव्हणा भाजीपाला करतो. त्याचे दात असे, की सुतळी दातानं तोडतो. त्याला म्हटलं, वर जा, हिरड्या दुखतात म्हण आणि बाई काय करायला सांगतात ते मला येऊन सांग. चांगल्या तोंडाला जर आतली सफाई सांगितली, तर चोर हातात सापडला.

मेव्हणा लगेच खाली आला. म्हणाला, "बाई म्हणल्या, काय बी करायची गरज न्हाय. ब्रश तेवढा मऊ घ्या."

"बास? एवढंच?"

"आन् म्हणल्या, खालच्या मेडिकलवाल्यांना सांगा, पुढच्या वेळी खरं दुखणारं माणूस पाठवा."

हे ऐकून दुसरा माणूस ओशाळला असता. माझा संशय उलट वाढला. मेव्हणा माझाच, हे त्यांना कळलं कसं? एवढी हुशार बाई सरळ असेलच कशावरून?

खरं दुखणारं माणूस त्यानंतर माझ्या घरातूनच निघालं. आमची आई, तिला सगळे जिजी म्हणतात, कळंबला माझ्या धाकट्या भावाकडं असते. तिला साखरेचा आजार आहे. बाजाराच्या दिवशी ती एसटीनं येते, दुकानातल्या स्टुलावर बसते, साखरेच्या गोळ्या घेते आणि संध्याकाळी परत जाते. तिचे पुढचे खालचे दात हलत होते. भाकरी चावेना. आधी आमटीत कुस्करून खायची, मग दुधात भिजवून, मग अर्धीच, मग 'भूक न्हाय' म्हणायला लागली. जिजी वाळत चालली. गळ्यातली माळसुद्धा सैल दिसायला लागली. एका ठिकाणी दाखवलं तर त्यांनी सगळे काढून कवळी बसवायला सांगितलं. मलाही ते पटलं होतं. जिजी मात्र कवळीचं नाव काढू देत नव्हती. तिच्या थोरल्या जावेची कवळी लग्नाच्या पंगतीत ताटात पडली होती, ते तिनं स्वतः बघितलेलं.

"दात गेलं तर मी जेवायची बंद हुईन," ती म्हणाली. "कवळीनं खाल्लेली भाकरी काय भाकरी असती व्हय?"

ती बोलते ते करते, हे मला माहीत होतं.

एका बाजाराच्या दिवशी मी गिऱ्हाइकात गुंतलो होतो. वळून बघतो तर स्टूल रिकामं. जिजी वर. मी धावत जिना चढलो. बाई आईसमोर बसल्या होत्या आणि तोंड बघायचं सोडून तिचा उजवा हात हातात घेऊन तर्जनी निरखत होत्या.

"तोंड दाखवायला आलेय मी, हात न्हाय," जिजी म्हणाली.

"तोंड खोटं बोलतं, आजी. आधी बोट दाखवा," बाई म्हणाल्या. "मिश्री किती वेळा लावता?"

जिजीचं बोट पेराजवळ कायमचं तपकिरी. तंबाखू तव्यावर जाळायची, चुरायची आणि बोटानं दात-हिरड्यांवर घासत बसायची, हे आमच्याकडच्या बायकांचं दुपारचं व्रतच. त्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की बाई माझ्याहून संशयी आहेत. मी फक्त माल तपासतो, त्या माणसाचा शब्द तपासतात.

त्यांनी सगळे दात एका बारीक सळईनं मोजून पाहिले. मागची एक दाढ राहणार नाही, बाकीचे राहतील, असं सांगितलं. मिश्री आजपासून बंद, साखर आटोक्यात पाहिजे, रक्त तपासून आणा, मग एक-एक बाजू करू. मी विचारलं, "राहतील याची खात्री काय?" बाई म्हणाल्या, "खात्री माझ्या एकटीच्या हातात नाही. निम्मी आजींच्या बोटात आहे." मला हे उत्तर अजिबात आवडलं नाही. उद्या दात पडले तर खापर जिजीवर फोडायची सोय केली, असं मी घरी बायकोला सांगितलं.

उजवी बाजू झाली. जिजी बधिर गालानं कळंबला गेली आणि थोड्याच दिवसांत तिचा फोन आला. थुंकीतून रक्त येतंय. गार पाण्यानं झिणझिण्या येतायत. आणि दातांच्या मधून वारं जातंय. "माझ्या तोंडात कधी रगताचा थेंब बघितला न्हवता. बाईनं चांगल्या दातांची चाळण केली," ती म्हणाली. शेजारच्या पारूबाईंनी तर फोन हातात घेऊन मला सांगितलं, "ते कीटणच दातांना धरून व्हतं. आता कशाच्या आधारावर ऱ्हायाचं?"

मी दुकानाचं शटर अर्धं ओढून वर गेलो. इतक्या वर्षांचं राहिलेलं भांडण त्या दिवशी केलं. पुढं पेशंट बसलेले होते, तरी केलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मोहनराव, तंबाखूनं हिरडीतलं रक्त दबून राहतं. आत सडत असतं आणि वरून सगळं कोरडं दिसतं. मिश्री थांबली की हिरडी जागी होते, म्हणून आता रक्त दिसतंय. ते कमी होत जाईल. फटी आधीच्याच आहेत. त्या कीटणानं लिंपलेल्या होत्या आणि हिरडी सुजून वर आली होती. सूज उतरली म्हणून दिसायला लागल्या. ओल लागलेल्या भिंतीवर चिखल थापला, तर ती भिंत चिखलानं उभी राहते का?"

बोलणं बिनतोड होतं आणि बिनतोड बोलण्याचीच मला भीती वाटते. मी खाली आलो, पण मन काही खाली बसलं नाही.

डाव्या बाजूची तारीख आली. मी स्वतः जिजीला घेऊन वर गेलो, लक्ष ठेवायला. बाईंनी खुर्चीत बसवायच्या आधी बोट मागितलं. बोट तपकिरी. जिजीनं ते पदरात लपवलं. बाईंनी पदर बाजूला केला आणि शांतपणे हातमोजे काढून ठेवले.

"आज काही करत नाही. मिश्री लावून आलात तर केलेलं सगळं वाया जाईल. तुम्हाला त्रास आणि मला पाप."

म्हणजे अर्ध्या तोंडाचं काम करून बाईंनी माझ्या आईला परत पाठवलं. दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारा माणूस मी बाजारात बघितलेला नाही. जिजी एसटीत बसवताना एवढंच म्हणाली, "परत मला हितं आणू नगंस." त्या आठवड्यात कळंबहून निरोप आला, की जिजी नुसत्या ताकावर आहे. कवळी नको, सफाई नको, आणि भाकरी तर चावत नाही. मी दुकानात बसून आतल्या आत जळत होतो. बाईंवर चिडायचं का आईवर, ते कळत नव्हतं.

आणि रविवारी दुपारी मी कळंबला घरी असताना दारात रिक्षा थांबली. रासकरबाई उतरल्या. बरोबर कुणी नाही, हातात पिशवी. माझ्या मनात लगेच आलं, आल्या पेशंट गोळा करायला. आमच्या पडवीत तेव्हा बायकांची मिश्रीची बैठक भरलेली. बाईंनी चपला काढल्या आणि त्या बैठकीत जाऊन बसल्या. मी खांबाला टेकून उभा राहिलो आणि नजर काढली नाही. चिठ्ठी वाटतात का, पत्ता सांगतात का, दवाखान्याचं नाव घेतात का. त्यांनी यातलं काहीही केलं नाही. व्याख्यानही दिलं नाही. कुणाची सून बाळंत झाली, कुणाच्या पेरूला कीड लागली, हे ऐकत बसल्या. पाणी मागून प्यायल्या.

डबी फिरत होती. ती डबी जिजीची. आमच्या आळीत जिजीच्या हातची मिश्री नामांकित, बरोबर काळी होईपर्यंत भाजलेली, कच्ची नाही, राख नाही. म्हणूनच बैठक आमच्या पडवीत भरते. डबी बाईंपर्यंत आली तेव्हा त्यांनी ती हातात घेऊन वास घेतला आणि पुढं दिली. मग जिजीला विचारलं, "आजी, सोडवत का नाही? मला खरं सांगा."

जिजीनं पुढं गेलेली डबी मागून घेतली. मग म्हणाली, "तोंडाचं न्हाय वो बाई. मी मिश्री भाजायची सोडली, तर ह्या हितं कशाला येत्याल? दुसरीच्या पडवीत जात्याल. मालक गेल्यापास्नं मला दुपारचं हेच एक हाय."

मी तिचा मुलगा. मला हे ठाऊक नव्हतं. बाईंना ते एका दुपारात विचारून कळलं, आणि खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते मी खांबाकडं तोंड करून पुसलं.

बाई म्हणाल्या, "मग भाजायचं सोडू नका. पडवी तुमची, तवा तुमचा. त्या तव्यावर दुसरं काही भाजा." पिशवीतून त्यांनी जवस, ओवा आणि बडीशेप काढली. मीठ घरचं घ्या, म्हणाल्या. मला वाटलं, झालं, आता बायका हसणार. हसल्याच. पारूबाईंनी तर सांगून टाकलं, "मी माझी डबी सोडायची न्हाय." आणि त्यांनी ती आजतागायत सोडलेली नाही. पण बाकीच्या बसून राहिल्या. जिजीनं तो तवा राखेनं इतका घासला, की त्याचा रंग बदलला. मला मात्र बाईंचं हे सगळं पुढं टिकेल असं वाटत नव्हतं. म्हणून मी रोज भावजयीला फोन करून विचारायचो, आज डबीत काय आहे. ती कंटाळली, पण उत्तर जवसच असायचं.

पुन्हा तारीख पडली. बोट पुढं केलं ते जिजीनं आपण होऊन. रंग पुरता गेलेला नव्हता, तो जायला वेळ लागतो. बाईंनी नखाच्या कडेला बघितलं, वास घेतला आणि खुर्चीकडं हात केला. डावी बाजू झाली. बाईंनी सांगितलेली दाढ निघाली ती नंतर, शांतपणे, आणि तिचं दुःख कुणाला झालं नाही.

काही आठवडे गेल्यावर तपासणीला बाईंनी मला मुद्दाम वर बोलावलं. "तुम्ही बघा. नुसतं मी सांगून तुमचा विश्वास बसणार नाही." त्यांनी दिवा धरला. मी वाकून पाहिलं. जिथं हिरडी जांभळी, फुगीर होती तिथं ती गुलाबी होऊन दाताला चिकटली होती. सळई फिरवली तरी रक्त नाही. पुढचे दात दोन हत्यारांच्या टोकांत धरून त्यांनी हलवून दाखवले. एक थोडासा हलला, बाकीचे जागचे हलले नाहीत. मी म्हटलं, "आज नाही हलत, उद्याचं काय?" बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बरोबर विचारलंत. हा आजार जात नाही, दाबून ठेवावा लागतो. दर तीन महिन्यांनी आजींना आणायचं, कायमचं. आणि तुमचा संशय असाच राहू द्या, आम्हाला उपयोगी पडतो."

त्या संध्याकाळी कळंबला जिजीनं चुलीपुढं बसून आख्खी भाकरी खाल्ली, कडेच्या कडक पापुद्र्यासकट. कुस्करली नाही. चावताना होणारा आवाज मी ऐकत बसलो होतो.

बाईंविषयी इतरांनी इथं पुष्कळ लिहिलं असेल. बावड्यापर्यंतच्या खेड्यांतून त्यांच्याकडं माणसं येतात, कुणाला त्या रागावतात, कुणाला काही करायची गरज नाही म्हणून परत पाठवतात. ते सगळं खरं आहे. मी तपासून सांगतोय. त्यांच्या चिठ्ठ्या मला अजूनही मिळत नाहीत. ब्रश मात्र खूप खपतात, तेही मऊ.

आता शेवटचा संशय. बाईंना साठ वर्षं पूर्ण झाली. मुलगा पुण्याला असतो, तिकडं त्यांच्यासाठी जागा बघून ठेवलीय, अशी बातमी माझ्या फळीवर आली. मी वर जाऊन तोंडावर विचारलं. "अजून काही ठरलेलं नाही, मोहनराव," एवढंच त्या म्हणाल्या. ठरलेलं नाही म्हणजे चाललेलं आहे. शाल, नारळ, सभागृह आणि हा ग्रंथ, हे सगळं लोक कुणाचं करतात? जाणाऱ्या माणसाचं करतात. गौरवसमितीतल्या मंडळींनी मला शपथेवर सांगितलं, की तसं काही नाही. मी शपथेवर औषधसुद्धा देत नाही.

डॉ. रासकर यांना भरपूर आयुष्य मिळावं, हात स्थिर आणि नजर तीक्ष्ण राहावी, असं मी मनापासून लिहितो. त्यात आमचा स्वार्थ आहे आणि तो मी लपवत नाही. लेख लिहायला बसायच्या आधी मी पुण्याची बातमी जिजीच्या कानावर घातली. ती पडवीत तव्यावर जवस हलवत होती. हात थांबला. तिनं तवा खाली उतरवला. मग म्हणाली, "लिव त्यात. म्हणावं, दुसऱ्या कुणाचा हात मी तोंडात घालू द्यायची न्हाय. मला वर जाताना हे दात संगं न्यायचं हाईत. आधी मला पोचवा. मग तुमी पुण्याला जावा."